१८५० च्या आधीचा अमेरिकन पूर्वज शोधायचा कसा? डेबोरा सॅम्पसनच्या कागदांवरून समजून घेऊया

अमेरिकेत १८५० च्या आधी जगलेला एखादा साधा माणूस शोधायला बसलं की पहिली अडचण येते ती जनगणनेची. जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होतेय, त्यामुळे वाटतं की नाव टाकलं की माणूस सापडणार, पण १७९० ते १८४० या सहाही जनगणनांमध्ये नाव जवळजवळ फक्त कुटुंबप्रमुखाचं आहे, बाकी सगळं घर म्हणजे नुसते आकडे. १७९० ला तर रकाने पाचच होते: सोळा आणि त्यावरचे स्वतंत्र गोरे पुरुष, सोळाच्या आतले मुलगे, स्वतंत्र गोऱ्या बायका (वयाची विचारणाच नाही, ऐंशीची आजी आणि पाळण्यातली नात एकाच रकान्यात), इतर स्वतंत्र माणसं, आणि गुलाम. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते १८५० ला. म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या (१७७५-८३) काळात तरुण असलेली एखादी बाई १८४५ ला वारली असेल तर जनगणनेत तिचं नाव बहुतेक कुठेच नाही, फक्त विधवा होऊन घराची प्रमुख झाली असली तरच.

मराठीत हे लिहावंसं वाटलं कारण इकडे अमेरिकेत आपल्या बऱ्याच घरांत आता सून किंवा जावई इथल्या जुन्या कुटुंबातले आहेत, नातवंडांना शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट येतो, आपली बाजू पुण्या-नागपूरची आजी फोनवर घडाघडा सांगते आणि दुसऱ्या बाजूला मात्र "ते मेफ्लॉवरवरून आले होते म्हणे" (१६२० मध्ये इंग्लंडहून वसाहतवाले घेऊन आलेलं जहाज) यापलीकडे काही नसतं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं, गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्यायांच्या वहीत चार-पाच पिढ्या एका ठिकाणी मिळू शकतात, तसं अमेरिकेत एका वहीत काहीच मिळत नाही. तिथे एकाच माणसाचं आयुष्य टाऊन क्लार्ककडे (गावच्या नोंदी ठेवणारा अधिकारी) थोडं, चर्चमध्ये थोडं, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टात थोडं आणि लष्कराच्या खात्यात थोडं असं विखुरलेलं असतं.

मग शोधायचं कसं, तर नाव घेऊन धावत सुटायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: या माणसाकडून त्या काळात कुणाला काय हवं होतं, किंवा याला कुणाकडून काय मिळवायचं होतं? कर, जमीन, सैनिक, चर्चची शिस्त, पेन्शन, वारसा, गरिबांचा खर्च कुणी उचलायचा. साध्या माणसाबद्दल उगाच कुणी लिहून ठेवलं नाही, देणं-घेणं होतं तिथेच त्याचं नाव उमटलं. हे एकदा लक्षात आलं की कुठल्या ऑफिसचा कागद बघायचा ते आपोआप सुचायला लागतं.

उदाहरण म्हणून डेबोरा सॅम्पसन घेते. अमेरिकेत ती प्रसिद्ध आहे, पुरुषाच्या वेषात स्वातंत्र्ययुद्धात लढलेली बाई म्हणून, पण जन्माने ती अगदी गरीब घरातली, आणि तिचं आयुष्य आज आपल्याला माहीत आहे ते अशाच विखुरलेल्या कागदांमुळे, म्हणून शिकायला तिच्यासारखी केस नाही.

तिचा जन्म १७ डिसेंबर १७६० चा, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिम्प्टन गावचा. ही तारीख मिळते कारण न्यू इंग्लंडमधली (मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडची राज्यं) गावं सुरुवातीपासून जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद टाऊन क्लार्ककडे ठेवत होती. मॅसॅच्युसेट्सने राज्य पातळीवर नोंदणी सुरू केली ती १८४१ ला, त्याआधीचं सगळं गावच्या दप्तरात, आणि त्यातल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी पुढे छापूनही निघाल्या, आज त्या ऑनलाइन फुकट दिसतात. पूर्वज न्यू इंग्लंडचा असेल तर तुम्ही खरंच नशीबवान आहात. व्हर्जिनियात किंवा कॅरोलायनात असं गावोगावी काही नव्हतं, तिथे अँग्लिकन चर्चच्या पॅरिश रजिस्टरवर अवलंबून राहावं लागतं आणि ती रजिस्टरं फार थोडी टिकली.

डेबोराची आई ब्रॅडफर्ड घराण्यातली, प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या वंशातली. पण घराणं मोठं म्हणून घरात पैसा असतो असं नाही. वडील जोनाथन घर सोडून गेले आणि मुलांना सांगण्यात आलं की ते समुद्रात बुडाले. पुढे संशोधकांनी कागद बघितले तर हा माणूस मेनमधल्या लिंकन काउंटीत जिवंत होता, तिथे दुसऱ्या बाईबरोबर संसार करत होता. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचं हे असं असतं, त्या कुणीतरी कुणाला तरी वाचवायला सांगितलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर रागवायचं नाही पण त्यांना पुरावाही मानायचं नाही. आणि इथे अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, मेन हे १८२० पर्यंत वेगळं राज्य नव्हतंच, मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं. सीमा बदलल्या, काउंट्या फुटल्या, एका गावाची दोन गावं झाली, त्यामुळे माणूस जागचा हलला नसला तरी त्याचे कागद दोन-तीन वेगवेगळ्या ऑफिसांत असू शकतात. शोध सुरू करायच्या आधी त्या सालात ते गाव कुठल्या काउंटीत होतं हे बघून घ्या, हे काम कंटाळवाणं आहे पण हे टाळलं की महिनोन्महिने चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो माणूस.

वडील गेल्यावर मुलं नातेवाइकांकडे वाटली गेली आणि डेबोरा लहानपणीच मिडलबरोच्या थॉमस कुटुंबात बांधील कामाला लागली, अठरा वर्षांची होईपर्यंत. गरीब मुलं अशी दुसऱ्याच्या घरी बांधून देणं ही तेव्हाची रीतच होती आणि गरिबांची देखभाल गावाच्या पैशातून व्हायची म्हणून टाऊनच्या दप्तरात गरिबांची नावं बऱ्याचदा श्रीमंतांपेक्षा जास्त तपशिलात सापडतात. न्यू इंग्लंडमध्ये अजून एक प्रकार होता, बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबाला गाव नोटीस द्यायचं की इथून निघा, म्हणजे उद्या हे लोक उपाशी पडले तर खर्च आमच्यावर नको. क्रूर वाटतं वाचताना, पण त्या नोटिशींमध्ये नवरा, बायको, मुलं यांची नावं आणि आधीचं गाव लिहिलेलं असतं, आणि एखादं कुटुंब कुठून आलं हे कळायला अनेकदा तेवढा एकच कागद उरलेला असतो.

आता चर्च. डेबोरा १७८० मध्ये मिडलबरोच्या बॅप्टिस्ट चर्चची सदस्य झाली आणि सप्टेंबर १७८२ मध्ये त्याच चर्चने तिला बाहेर काढलं, कारण काय तर पुरुषाचे कपडे घालून सैन्यात भरती झाल्याचा आरोप. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा-लग्नच बघायचं असं लोकांना वाटतं, खरा माल मात्र शिस्तीच्या नोंदींत असतो, कुणी दारू प्यायलं, कोण भांडलं, कुणाला दुसऱ्या गावच्या चर्चसाठी पत्र देऊन पाठवलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या नोंदी तर यात सगळ्यांत चोख, कुठल्या मीटिंगमधून (त्यांची स्थानिक मंडळी) कुठल्या मीटिंगला कोण गेलं हे तारखेसकट मिळतं.

चर्चच्या नोंदीला दुजोरा देणारी एक गोष्ट अगदी अलीकडे पुढे आली. मिडलबरोचाच एक सैनिक, ॲबनर वेस्टन, त्याची डायरी २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनने मिळवली. त्यात जानेवारी १७८२ च्या नोंदीत त्याने लिहिलंय की आमच्या गावच्या डेबोरा सॅमसनने पुरुषाचे कपडे घातले, पैसे घेऊन तीन वर्षांच्या भरतीत नाव घातलं, पण ओळखली गेली आणि पैसे परत केले. म्हणजे पहिला प्रयत्न फसला होता. ही ओळ मोलाची कशासाठी, तर लिहिणारा शेजारी आहे, त्याच दिवसांत लिहितोय, आणि त्याला यातून काहीही मिळवायचं नाही. पूर्वज शोधताना त्याच्या स्वतःच्या कागदांइतकेच शेजाऱ्यांचे कागद बघा असं जाणकार सांगतात ते याचसाठी. साक्षीदार म्हणून सही कुणाची, शेजारचं शेत कुणाचं, कुणाबरोबर स्थलांतर केलं, या लोकांच्या डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, पत्रं. आणि हो, वेस्टनने आडनाव 'सॅमसन' लिहिलंय, प नाहीच. त्या काळात स्पेलिंग ठरलेलं नसायचं, ऐकलं तसं लिहायचे, एकाच कागदावर एकच नाव दोन तऱ्हांनी दिसतं, त्यामुळे "आमचं स्पेलिंग वेगळं आहे, हे आमचे नव्हेत" असं म्हणून पान उलटू नका.

मे १७८२ मध्ये तिने परत प्रयत्न केला, या वेळी लांब, अक्सब्रिज गावाच्या कोट्यातून, रॉबर्ट शर्टलिफ या नावाने. तेव्हा प्रत्येक गावाला ठरावीक सैनिक द्यावे लागायचे, गावातल्या करदात्यांचे गट पाडलेले असायचे आणि एकेका गटाने वर्गणी काढून एक सैनिक उभा करायचा. त्या गटाकडून ६० पौंड बक्षीस मिळाल्याची पावती आहे, खाली सही रॉबर्ट शर्टलिफ. मग चौथी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट, कॅप्टन जॉर्ज वेबची लाइट इन्फन्ट्री (चपळ पायदळ) कंपनी, आणि ऑक्टोबर १७८३ मध्ये वेस्ट पॉइंटला सैन्यातून सन्मानाने मुक्तता. सैन्याच्या हजेरीपटात फक्त शर्टलिफ आहे, डेबोरा कुठेच नाही. शर्टलिफ म्हणजेच डेबोरा हे जोडणारा कागद वेगळा लागतो आणि तो १७९२ चा आहे.

त्या वर्षी तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला की माझा थकलेला पगार द्या. विधिमंडळाने ठराव केला, गव्हर्नर जॉन हॅनकॉकची त्यावर सही, ३४ पौंड आणि वर व्याज. आता हा ३४ चा आकडा बघा. तेव्हा साध्या सैनिकाचा पगार महिन्याला साडेसहा डॉलरच्या किंचित वर, ६ पूर्णांक दोन-तृतीयांश, आणि मॅसॅच्युसेट्सच्या हिशेबात एक डॉलर म्हणजे ६ शिलिंग, म्हणजे महिन्याला ४० शिलिंग, बरोब्बर २ पौंड. ३४ भागिले २ म्हणजे १७ महिने, आणि मे १७८२ ते ऑक्टोबर १७८३ किती होतात मोजा, १७ महिने. मला जुन्या कागदांमधले आकडे आवडतात ते यासाठी, आठवण इकडची तिकडे होते, पण पैसे मोजून देणारा सहसा महिना चुकत नाही.

हे एवढं का सांगितलं ते पुढे कळेल. १७९७ मध्ये हर्मन मॅन नावाच्या माणसाने तिचं चरित्र छापलं, द फीमेल रिव्ह्यू, आणि त्यात तिला यॉर्कटाउनच्या लढाईत नेऊन ठेवलं. यॉर्कटाउनला ब्रिटिश शरण आले १९ ऑक्टोबर १७८१ ला, तेव्हा ती भरतीच झालेली नव्हती. बरं, मॅनने रंगवलं असं म्हणून सोडून द्यावं तर १८१८ च्या पेन्शनच्या जबानीत, कोर्टात शपथेवर, ती स्वतः सांगते की मी एप्रिल १७८१ ला भरती झाले आणि ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला (यॉर्कटाउनला) पकडलं तेव्हा तिथे होते. एकीकडे शपथेवरची जबानी, पण ३५ वर्षांनंतरची, दुसरीकडे पावती, हजेरीपट, वेस्टनची डायरी आणि १७ महिन्यांचा पगार, ही सगळी त्याच वेळची किंवा त्यापासून जवळची आणि एकमेकांशी जुळणारी. इथे त्या वेळच्या कागदांचं ऐकायचं. याचा अर्थ ती खोटारडी होती असा मी अजिबात काढणार नाही. १७ महिने तिने खरी नोकरी केली, टॅरीटाउनजवळ जखमी झाल्याचं ती सांगते, आणि साठीला आलेल्या गरीब बाईला पेन्शन टिकवायची असताना वीस वर्षं छापील पुस्तकात फिरत असलेली तारीख तोंडात बसली असेल तर त्यात नवल काय.

तिचं लग्न एप्रिल १७८५ मध्ये बेंजामिन गॅनेटशी झालं, शॅरन गावात शेती. इथून पुढे जनगणनेत ती दिसत नाही, नवऱ्याच्या नावापुढच्या बायकांच्या आकड्यातली ती एक. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तेव्हा कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जायची, म्हणून करयाद्यांतही नाही, जमिनीच्या खरेदीखतांतही फार तर "आपला विधवेचा हक्क सोडते" एवढ्यापुरती सही. पूर्वज बाई असेल तर ती बापाच्या मृत्युपत्रात शोधायची ("माझी मुलगी अमुक, अमुकची बायको"), भावाच्या वाटणीपत्रात शोधायची, नवरा वारल्यावर तिला मिळालेल्या एक-तृतीयांश हिश्श्याच्या कागदात शोधायची. बाईचं माहेरचं आडनाव सापडणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यांत अवघड, आणि सापडलं की एकदम अख्खी नवीन शाखा उघडते.

डेबोराला केंद्र सरकारची पेन्शन मिळाली १८०५ मध्ये, महिना ४ डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी पॉल रिव्हियरने, हो तोच, १७७५ मध्ये ब्रिटिश सैन्य येतंय ही खबर द्यायला घोड्यावरून दौडत गेलेला, खासदार विल्यम यूस्टिसला पत्र लिहिलं की या बाईला मदत करा, तब्येत खालावलीये, थोडीशी जमीन आहे ती पण नापीक, खरोखर गरीब लोक आहेत. १८१८ नंतर पेन्शन महिना ८ डॉलर झाली. ती २९ एप्रिल १८२७ ला वारली आणि मग नवऱ्याने अर्ज केला की सैनिकाच्या विधवेला मिळतं तसं मला विधुराला द्या. तो निकालाच्या आधीच, जानेवारी १८३७ मध्ये गेला आणि १८३८ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून वारसांना ४६६ डॉलर ६६ सेंट दिले, वर्षाला ८० डॉलर या दराने मार्च १८३१ पासून त्याच्या मृत्यूपर्यंतचे. परत तेच, आकड्यात तारखा लपलेल्या.

पेन्शनबद्दल थोडं सविस्तर, कारण पूर्वज त्या युद्धात असेल तर याच्याइतका भरलेला कागद दुसरा मिळणार नाही. नोव्हेंबर १८०० मध्ये वॉर डिपार्टमेंटच्या ऑफिसला आग लागली आणि तोवरचे अर्ज जळाले, म्हणून बहुतेक फाइली त्यानंतरच्या, सुमारे ८० हजार, सगळ्या स्कॅन झालेल्या. कुठल्या कायद्याखाली अर्ज आहे त्यावर आत काय मिळणार ते ठरतं. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांसाठी होता, पण इतके अर्ज आले की सरकारने १८२० मध्ये सांगितलं, गरिबी सिद्ध करा, आणि मग म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात यादी दिली, एक गाय, दोन खुर्च्या, एक फुटकी किटली, घरात कोण कोण, वयं काय, कोण आजारी, कोण काम करू शकतो. १८३२ चा कायदा सहा महिने नोकरी केलेल्या सगळ्यांना, गरिबीची अट नाही, पण त्यात ठरलेले प्रश्न विचारायचे: जन्म कुठे कधी झाला, वयाचा पुरावा काय, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात, स्वतःहून गेलात की दुसऱ्याच्या बदली, अधिकारी कोण होते. म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची स्वतःच्या तोंडची जीवनकथा, क्लार्कने लिहून घेतलेली! आणि १८३६ पासून विधवांना मिळायला लागलं तेव्हा लग्न सिद्ध करायला बायकांनी घरच्या बायबलमधली पानं, जिथे मुलाबाळांचे जन्म लिहिलेले असायचे, ती फाडून अर्जासोबत जोडली. ती पानं आजही त्या फाइलींमध्ये आहेत. अर्ज नामंजूर झाला असला तरी फाइल बघाच, नामंजूर फाइलीत भांडण असतं आणि भांडणात माहिती जास्त असते.

जो सैन्यात नव्हता त्याच्यासाठी जमीन आणि मृत्युपत्रं. त्या काळात जमीन इतक्या लोकांकडे होती की काउंटीच्या खरेदीखतांच्या वह्या हाच खरा खजिना (कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, व्हरमाँटमध्ये मात्र या वह्या काउंटीकडे नाहीत, गावाकडे आहेत). मृत्युपत्र नसलं तरी मेल्यावर शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली सामानाची यादी असते, कढई, चरखा, करवत, बायबल, आणि त्यावरून तो विणकर होता की लोहार ते कळतं. नात्यांच्या बाबतीत मात्र जपून, एकाच गावात सीनियर आणि ज्युनियर लिहिलेले दोघे बाप-लेक असतीलच असं नाही, काका-पुतणे किंवा नात्यात नसलेलेही असू शकतात, मोठा वारला की ज्युनियरचा सीनियर होतो. आणि जुन्या अक्षरात जे-एन-ओ असं आखूड नाव दिसलं तर तो जॉन, जोनाथन नव्हे.

तारखांचा घोळ पण सांगते. ब्रिटिश वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं आणि नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१, आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२. त्यामुळे लग्न मे १७२० आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७२० असं दिसलं तर लगेच भलतं समजू नका, तो फेब्रुवारी आपल्या १७२१ चा आहे.

आतापर्यंत सांगितलं ते सगळं मुख्यतः गोऱ्या माणसांना लागू होतं, आणि हे न सांगता लेख संपवणं मला बरोबर वाटत नाही. डेबोराच्याच राज्यात, त्याच काळात एलिझाबेथ फ्रीमन होती, शेफील्डच्या जॉन ॲशलीच्या घरात गुलाम. १७८१ मध्ये तिने वकील थिओडोर सेजविककरवी कोर्टात दावा लावला आणि जिंकली, स्वतंत्र झाली. डेबोराची जन्मतारीख दिवसासकट आहे आणि एलिझाबेथच्या थडग्याच्या दगडावर वय कोरलंय ते "अंदाजे ८५". तिचं नाव कागदावर ठळक आलं ते दाव्यामुळे, आणि पुढे १८२९ मध्ये वारली तेव्हा तिचं मृत्युपत्र होतं, त्यात आई-वडिलांकडून आलेले कपडेसुद्धा मुलीसाठी लिहून ठेवले होते.

बाकी लाखो गुलाम माणसांच्या बाबतीत १८५० आणि १८६० च्या वेगळ्या याद्यांतही नाव नाही, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग. सगळ्या कृष्णवर्णीय लोकांची नावानिशी गणना झाली ती १८७० ला. त्याच्या मागे जायचं तर आधी मालक कोण ते शोधावं लागतं आणि मग त्या मालकाची मृत्युपत्रं, सामानाच्या याद्या, विक्रीखतं, गहाणखतं, कर्जापोटीचे दावे. गाईगुरांच्या ओळीखाली माणसाचं नाव आणि किंमत लिहिलेली वाचताना हात थांबतो, पण तीच ओळ कुणाच्या तरी खापरपणजीचा एकमेव पुरावा असते, म्हणून ती वाचायचीच आणि उतरवून घ्यायची. पळून गेलेल्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत उंची, बोलण्याची ढब, कपडे, हातातलं कसब सगळं असतं. १७८३ मध्ये ब्रिटिशांबरोबर न्यूयॉर्कहून निघून गेलेल्या सुमारे ३००० कृष्णवर्णीय माणसांची यादी बुक ऑफ नीग्रोज या नावाने आहे, त्यात नाव, वय, आधीचा मालक, कुठून पळाले, हे लिहिलंय, आणि ती पूर्ण वाचता येते.

याच जाहिरातींत भारतातली माणसंसुद्धा आहेत हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे. १७७६ च्या जुलैमध्ये व्हर्जिनिया गॅझेटमध्ये जॉन न्यूटन नावाच्या पळालेल्या नोकराची जाहिरात आहे, वय सुमारे २०, जन्माने आशियातला इंडियन, दहा वर्षं इंग्लंडमध्ये होता, व्हर्जिनियात येऊन वर्ष झालं. त्याचं खरं नाव काय, गाव कुठलं, काही नाही. कंपनीच्या जहाजांवरून इंग्लंडला आणि तिथून वसाहतीत पोचलेली अशी माणसं कागदावर कधी 'ईस्ट इंडियन', कधी नुसतं 'इंडियन', कधी 'नीग्रो' किंवा 'मुलाटो' (मिश्र वंशाचा) अशी लिहिली गेली, त्यामुळे एखाद्या जुन्या व्हर्जिनिया-मेरीलंडच्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कथेत "आमचा एक पूर्वज ईस्ट इंडियन होता" असं येत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्या अंगाने शोधा. उलट दिशेचा धागा पण आहे, गॉर्डन हॉल आणि त्याचे सोबती १८१३ मध्ये मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. न्यू इंग्लंडच्या कुटुंबात कुणी "बॉम्बेला मिशनरी होता" असं ऐकलं असेल तर त्या मिशनची पत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत.

पूर्वज १७८० च्या आसपास एकदम गायबच झाला तर तो ब्रिटिशांच्या बाजूचा होता का बघा, असे हजारो लोक नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकला गेले आणि गेलेल्या मालमत्तेची भरपाई मागणारे त्यांचे अर्ज लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. आणि व्हर्जिनियाच्या काही काउंट्यांचे कागद १८६५ च्या रिचमंडच्या आगीत गेले, सुरक्षित राहावेत म्हणून तिथे नेऊन ठेवलेले होते. अशा ठिकाणी राज्याकडे गेलेल्या करयाद्यांवर काम चालतं, व्हर्जिनियाची १७९० ची जनगणना पण हरवलेली, तिच्या जागी करयाद्याच वापरतात.

प्रत्यक्ष सुरुवात करताना फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या साइटवर खातं काढा, ते फुकट आहे, आणि २०२४ पासून तिथे हस्तलिखित खरेदीखतं आणि मृत्युपत्रांचा मजकूर मशीनने वाचून शब्दाने शोधता येतो, म्हणजे साक्षीदार म्हणून कोपऱ्यात आलेलं नावसुद्धा सापडतं, पूर्वी त्यासाठी पानंच्या पानं चाळावी लागायची. अँसेस्ट्री ही एरवी पैसे भरून वापरायची साइट बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत फुकट वापरता येते, न्यू इंग्लंडसाठी बोस्टनच्या वंशावळ संशोधन संस्थेची अमेरिकन अँसेस्टर्स ही साइट. लोकांनी बनवलेली तयार झाडं दिसतील, ती बघा जरूर पण उचलून आपल्या झाडाला जोडू नका, एकाने केलेली चूक चाळीस जणांनी कॉपी केली की ती चाळीस पुरावे असल्यासारखी दिसते. डीएनए टेस्टचा उपयोग जवळच्या पाच-सहा पिढ्यांपर्यंत चांगला, प्रत्येक पिढीला वाटा निम्मा होतो, १७६० च्या माणसाकडून तुमच्यात काहीच आलेलं नसणं सहज शक्य आहे, म्हणून तिथे कागदच लागतो. १८५० च्या जनगणनेत जो सापडेल त्याच्यापासून एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक नात्याच्या शेजारी ते कुठल्या कागदावरून ठरवलं आणि तो कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेला आहे, हे दोन्ही लिहून ठेवा.